घाटा निवला

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या भुसावळच्या घराच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, असतात. उत्तम शुक्रवारी कामाला हात लावायचा नाही, रविवारी तर नाहीच नाही, म्हणून मधला शनिवार आत्याने कधीतरी उन्हाळकामाला लावून टाकला तो कायमचाच. ज्वारी आधीच भिजवून, वाळवून, भरडून ठेवलेली असते. पहाटे चारला पातेल्यात घाटा रटरटायला लागला की लसूण-जिऱ्याचा वास जिन्याने वर चढतो आणि झोपलेल्यांना उठवतो. सहाच्या आत गच्चीवर जायचं, कारण आठनंतर तिथे पाय टेकत नाहीत. घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. बोटं भाजतात, वाटीतल्या पाण्यात बुडवायची, पुन्हा थापायचं. लहानपणी आमचं काम एकच असे. वाटीत घाटा, वर कच्चं तेल, आणि खाता खाता कावळे हाकलायचे.

त्या शनिवारी कावळ्यांवर माझी भाची होती. पुण्याहून आलेली, अकरावीतली, हातात फोन. आदल्या दिवशी क्रुसावरच्या सात उद्गारांची तीन तासांची उपासना तिने बसून काढली होती. म्हणजे बसली होती चर्चमध्ये, वाचत होती भलतंच. घाट्याची वाटी चाटत तिने विचारलं, “मावशी, येशूला धरून देणारा यहूदा नक्की मेला कसा गं? मत्तय म्हणतो गळफास घेतला. कृत्यांत म्हणतात शेतात पालथा पडला आणि पोट फुटलं. आणि ते शेत घेतलं कुणी? एकीकडे याजकांनी, एकीकडे त्यानेच. कोण खरं?”

मत्तय म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक, आणि कृत्ये म्हणजे लूकने लिहिलेलं, प्रेषितांच्या कामाचं पुस्तक. मी वीस वर्षं संडे स्कूल घेतलेली बाई. हा प्रश्न मला काही नवा नव्हता. हात न थांबवता मी म्हणाले, “अगं, गळफास घेतला, मग दोर तुटला किंवा फांदी मोडली, आणि खाली पडला. मत्तयने आधीचं लिहिलं, लूकने नंतरचं. शेताचंही तसंच. पैसे यहूदाचे, व्यवहार याजकांनी केला, मग खरेदी त्याच्याच नावावर. दोन्ही खरं.” झालं. दोन वाक्यांत माणूस फांदीवरून खाली आणला. भाची “ओह, ओके” म्हणाली. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. हजरजबाबीपणाचं एक बारकं सुख असतं, ते मिळालं.

समोर आत्या थापत होती. तिने हातातली बिबडी पुरी केली, बोटं पाण्यात बुडवली, पदराला पुसली आणि जिना उतरून खाली गेली.

आम्हाला वाटलं, पाणी आणायला गेली असेल. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. घाटा निवला. निवलेला घाटा ऐकत नाही. थापला की कडा फाटतात, कापडाला चिकटतो, उलटवताना अर्धी बिबडी वर राहते. आम्ही दोघी वेड्यासारख्या थापत राहिलो आणि त्या दिवशीच्या निम्म्या बिबड्या भेगाळल्या. खाली आत्या देवळीजवळच्या खुर्चीत नुसती बसली होती. “डोकं चढलं उन्हाने,” म्हणाली. साडेसात वाजले होते. भुसावळात जन्म काढलेल्या बाईला साडेसातचं ऊन चढत नाही.

पप्पा रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, 2022 पासून. पप्पांनी ते ऐकलं असतं तर हसले असते, कारण मॅनेज करण्यासारखं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काही नसतं. एक लोखंडी लाइन बॉक्स, लाल-हिरवी झेंडी, बत्ती, आणि रफ जर्नल. खंडव्याच्या बाजूला दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर. दर स्टेशनाची वेळ लिहायची. त्यांचं अक्षर डब्याच्या हिसक्यांनी असं घडलं होतं की घरी, स्थिर टेबलावरसुद्धा ते हिंदकळलेलंच उमटे. निवृत्तीनंतर त्यांनी एक लांबट वही केली, रजिस्टरसारख्या उभ्या रेघांची. पवित्र शास्त्रात जिथे जिथे दोन वचनांचा मेळ बसत नाही, ते सगळं त्या वहीत. एका रकान्यात हे, दुसऱ्यात ते, तिसऱ्यात शेरा.

लोक समजतात, श्रद्धावान माणसाला विसंगती दिसत नाहीत. पप्पांच्या वहीत एकशे चाळीस पानं होती.

शेरे मात्र वाचण्यासारखे. आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट घ्या. मार्क म्हणतो येशू यरीहोतून बाहेर पडत होता, लूक म्हणतो यरीहोजवळ येत होता, आणि मत्तयात तर आंधळे दोन. पंडितांचं एक उत्तर आहे, की यरीहो दोन होती, जुनं उजाड गाव आणि हेरोदाच्या काळातली नवी वस्ती. एकातून निघून दुसऱ्याकडे जाताना हे घडलं. पप्पांनी शेरा मारला होता: “सावदा स्टेशन वेगळं, सावदा गाव वेगळं. मान्य.” अहज्या राजा गादीवर बसला तेव्हा राजांच्या पुस्तकात 22 वर्षांचा आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात 42 वर्षांचा, पण त्याचा बाप चाळिसाव्या वर्षी वारला होता. शेरा: “मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा. नक्कल करणाऱ्याची डुलकी. रात्रपाळी असावी.” नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन सांगतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवं सांगतं दे. तिथे शेऱ्यात फक्त एका ड्रायव्हरचं नाव होतं. ते मी इथे देत नाही.

दावीदाच्या शिरगणतीचं पान मात्र गंभीर होतं. शमुवेलाच्या पुस्तकात इस्राएलाचे लढवय्ये 8 लाख आणि यहूदा वंशाचे 5 लाख. इतिहासाच्या पुस्तकात 11 लाख आणि 4 लाख 70 हजार. आकड्यांचं एक वेळ सोडा, मोजणारा यवाब नाखूश होता आणि त्याने लेवी व बन्यामीन मोजलेच नाहीत असं इतिहासकारच सांगतो. पण गणती करायची बुद्धी दावीदाला दिली कुणी? एकीकडे परमेश्वराने, दुसरीकडे सैतानाने. या पानावर शेरा नाही. तीन प्रश्नचिन्हं आहेत, आणि तिसरं इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उठलंय.

पप्पांचा एक जोडीदार मुक्ताईनगरकडचा, माळकरी. दोघांची रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, जुंपायची. तो म्हणायचा, तुमचं तरी बरं, आमचे ज्ञानोबा शके 1193 ला जन्मले की 1197 ला, जनाबाईचा अभंग एक सांगतो आणि दुसरी परंपरा दुसरं. पप्पा विचारायचे, मग तुम्ही काय करता? तो म्हणायचा, “समाधी 1218 ला घेतली ना? त्यावर कुणाचं भांडण नाही. आपण कार्तिकात आळंदीला जायचं.” हे उत्तर पप्पांना फार आवडायचं, आणि ते त्यांना कधीच पुरलं नाही. ते माळकरी नव्हते, ते गार्ड होते.

वेळांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. स्टेशन मास्तरच्या रजिस्टरात गाडी 14.10 ला सुटली असेल आणि गार्डच्या जर्नलमध्ये 14.11, तर दोघंही खरे. मास्तरने इंजिन हललेलं पाहिलं, गार्डला आपला डबा हलला तेव्हा कळलं. मधे अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी. “दोघांचे आकडे अगदी तंतोतंत जुळले,” ते म्हणायचे, “की साहेब विचारतो, कुणी कुणाचं पाहून लिहिलं?” चारही शुभवर्तमानांना ते हाच नियम लावत. येशूच्या थडग्यापाशी मत्तयाला एक देवदूत दिसतो, मार्कला एक तरुण, लूकला दोन पुरुष, योहानाला दोन देवदूत. कोण गाडीच्या कुठल्या टोकाला उभा होता ते बघायचं. पेत्राने येशूला तीन वेळा नाकारलं तेव्हाचा कोंबडा मार्कात दोनदा आरवतो, बाकी तिघांत एकदाच. मार्कने पेत्राच्या तोंडून ऐकून लिहिलं अशी जुनी परंपरा आहे. “ज्याच्यासाठी आरवला त्याला दोन्ही वेळा ऐकू येणारच,” पप्पांचा शेरा. हा मला आजही सगळ्यात सुंदर वाटतो. त्यांच्या भाषेत या सगळ्याला एकच मोजमाप होतं: “गाडीच्या लांबीत बसतं” किंवा “बसत नाही.”

पुढे मी थोडंफार इकडचं-तिकडचं वाचलं तेव्हा कळलं की हा उद्योग फार जुना. इ.स. 170 च्या सुमारास तातियन नावाच्या सिरियाकडच्या विद्वानाने चार शुभवर्तमानं उसवली आणि एकच सलग गोष्ट विणली. विसंगतीच नको. येशूची वंशावळ मत्तयात वेगळी, लूकमध्ये वेगळी, योसेफाचा बाप एकात याकोब तर दुसऱ्यात एली. तातियनने दोन्ही वंशावळी काढूनच टाकल्या. सिरियातल्या ख्रिस्ती मंडळ्या दोन-अडीचशे वर्षं तेच पुस्तक उपासनेत वाचत होत्या. लोकांना सोपं पडत असणार. मग पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपाने आपल्या भागातल्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि जागी पुन्हा चार वेगवेगळी पुस्तकं दिली, न जुळणारी. मला या बिशपाबद्दल फारसं माहीत नाही, आणि त्याने प्रती जमा केल्या हे मनाला टोचतंही. पण चारांचं एक करायची एवढी सोय हाताशी असताना मंडळीने शेवटी चारच ठेवली, याचं मला नवल वाटतं.

यहूदाच्या बाबतीत तर जुळवाजुळव थेट वचनात शिरली. कृत्यांचं मूळ ग्रीक म्हणतं तो पालथा पडला. शेकडो वर्षं पश्चिमेकडे वाचल्या गेलेल्या व्हल्गेट या लॅटिन भाषांतरात तिथे “लटकलेला” असा शब्द आला: लटकलेला असता मधोमध फुटला. म्हणजे मत्तयातला दोर उचलून लूकच्या पुस्तकात बांधला. मी गच्चीवर भाचीला सांगितलं तेच, दीड हजार वर्षांआधी कुणीतरी शाईने करून ठेवलेलं.

आता काकांचं सांगते. इतका वेळ मी टाळत होते हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. आजी शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. पप्पांच्या पाठचा भाऊ, म्हणजे काका, मी पाहिला नाही. 1974 च्या मे महिन्यात तो गेला, एकोणीस वर्षांचा. तेव्हा देशभर रेल्वेचा संप चालू होता. 8 मेपासून गाड्या ठप्प, भुसावळात धरपकड, क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढत होते. पप्पा नवे गार्ड, संपात सामील, कुणाच्या तरी केळीच्या बागेत लपलेले. निरोप पोहोचायलाच दोन दिवस लागले. गाडीवर आयुष्य काढणारा हा माणूस भावाच्या मातीला गाडी नाही म्हणून पोहोचला नाही. चौथ्या दिवशी केळीच्या ट्रकमधून उतरला तेव्हा सगळं उरकलं होतं. आजी ओट्यावर बसली होती. ती एकच वाक्य म्हणाली आणि पुढची तीस वर्षं तेच म्हणत राहिली: “पोऱ्या पडी गया मन्हा.” आंब्यावर चढला, कैऱ्या उतरवायला, आणि पडला. दफनाच्या नोंदीत तसंच आहे. गावातल्या मंडळीत मात्र दुसरं बोललं जात होतं. आणि पुढच्या रविवारी, आई सांगायची, पाळकसाहेबांच्या उपदेशात यहूदा आला. नाव कुणाचं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती; छोटं चर्च, वीस-पंचवीस माणसं, आणि पहिल्या चटईवर आजी.

झाडाखाली आधी पोहोचली होती आत्या. बारा वर्षांची होती. तिने काय पाहिलं ते तिला कुणी विचारलं नाही. आजीने विचारलं नाही, पप्पांनी विचारलं नाही, आणि सगळ्या विसंगतींची वही करणाऱ्या त्या घरात ही एक साक्ष कधी नोंदलीच गेली नाही. विचारायचं नाही हेच प्रेम असं आमच्याकडे ठरलेलं होतं. असेलही. मला खरंच ठरवता येत नाही.

त्या शनिवारी दुपारी मी पप्पांची वही काढली. कूलरच्या वाऱ्याने पानं फडफडत होती, वाळ्याचा ओला वास येत होता. यहूदाचं पान जवळजवळ शेवटी आहे. वर मथळा, दोन रकाने, मत्तय 27 आणि कृत्ये 1. तिसऱ्या रकान्यात निळ्या शाईने तेच उत्तर, माझं उत्तर: दोर तुटला असावा, मग पडला. बहुधा मी ते त्यांच्याकडूनच शिकले होते. आणि त्यावर एक आडवी रेघ. रेल्वेच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. पप्पांनी सही केली होती. घरच्या वहीत, जी कुठलाही साहेब तपासणार नव्हता. खाली लाल शाईने दोनच शब्द होते. बाकी पानांवर ठिकठिकाणी “जुळत नाही” आहे. इथे लिहिलं होतं, “जुळवू नये.”

मी बराच वेळ त्या दोन शब्दांपाशी बसले. त्यांच्या पुढ्यातही दोनच बातम्या होत्या, पडला आणि दुसरी. चौथ्या दिवशी पोहोचलेला माणूस. इंजिन हललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, डबा हललेलाही नाही. दोन्ही बातम्या जोडून एक सलग हकिकत करणं काही अवघड नव्हतं, शेजारच्या रकान्यात त्यांनी ती करूनही पाहिली होती. पण ती हकिकत कुणाच्याच तोंडची नसती. आजीने ती कधी म्हटली नसती, आणि गावाने म्हटली त्यात आजीला जागा नव्हती.

मग मी मत्तय आणि कृत्ये पुन्हा वाचले, या वेळी दोर बाजूला ठेवून. लहानपणापासून ऐकलेलं तेच, पण नीट पाहिलं तर दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत असावेत इतका फरक. मत्तयाचा यहूदा पैसे परत घेऊन जातो. आमच्या जुन्या मराठी शास्त्रात ते तीस रुपयेच आहेत, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशासाठी? तो म्हणतो मी निर्दोष माणसाला धरून दिलं, मी पाप केलं. याजक म्हणतात आम्हाला काय त्याचं. तो रुपये मंदिरात फेकतो आणि जातो. कृत्यांत यातलं काहीच नाही. तिथे पेत्र बोलतोय, सुमारे एकशेवीस माणसांपुढे, रिकाम्या झालेल्या जागेवर नवा प्रेषित नेमायचा आहे. त्याच्या बोलण्यात पाप आहे, मजुरी आहे, शेत आहे, फुटलेलं पोट आहे. पश्चात्ताप नाही. माझं गच्चीवरचं उत्तर देह तेवढा जुळवत होतं, फांदीपासून जमिनीपर्यंत. बाकीचं त्यात कुठे राहिलं, हे मी वीस वर्षं मुलांना शिकवताना एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आत्या आपण होऊन गच्चीवर आली. वाळलेल्या बिबड्या कापडावरून सुटताना कुरकुर आवाज करतात. ती धड आणि भेगाळलेल्या वेगळ्या करत होती. भाची खाली फोनवर. मी शेजारी बसले, पण माफी कशी मागायची ते सुचेना, कारण कशाबद्दल ते बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. सूर्य लाल झाला होता. खाली यार्डात डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला.

“तो पस्तावला होता ना?” आत्या एकदम म्हणाली. “कोण लिहितं ते? दोघांतलं?”

“मत्तय.”

“वाच.”

मी फोनवर काढून वाचलं. तीन-चारच वचनं आहेत. “पस्तावला” या शब्दाशी तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. मी पुढे गळफासाच्या वचनाशी अडखळले तर म्हणाली, “वाच ना. मला माहीत आहे ते.” मी वाचलं.

“आणि दुसऱ्यात नाही?”

“दुसऱ्यात पेत्र बोलतोय.”

“पेत्र,” ती म्हणाली. “त्याने तर तीन वेळा…” आणि वाक्य तिथेच सोडून एक बिबडी उजेडासमोर धरली, भेग आरपार गेलीय का बघायला. गेली होती. ती तिने वेगळ्या ढिगात टाकली.

“त्या रविवारी पाळकसाहेबांनी दुसरं वाचलं होतं,” ती म्हणाली. “हे नाही वाचलं.”

एवढंच. मी थांबले, पण ती पुढे काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. या वेळी मला ते न विचारणं बरोबर वाटलं की ती जुनी सवयच होती, सांगता येत नाही. तिने धड बिबड्या डब्यात रचल्या, एकावर एक. भेगाळलेल्यांचा ढीग मोठा होता. तो तिने जुन्या पातळात बांधला आणि माझ्या हातात दिला.

“ह्या तळू नको, तेलात विरघळतील,” म्हणाली. “गॅसवर भाज आणि वर कच्चं तेल लाव. आणि त्या पोरीला झोपायला सांग, चारला उठायचंय.”

पहाटेची उपासना कबरस्तानात असते, अंधारातच.